काचघरावर झोपलेले गुंडोमामा

मी बोलतोय. गल्ल्याकडे बघू नका, तिथे चंद्रकांत बसलाय आणि तो आत्ता गिऱ्हाइकाशी बोलतोय. जरा वर बघा. धोतरजोड्यांच्या कपाटावर, उदबत्तीच्या डब्याशेजारी, दोन भिंगांचं लाकडी काहीतरी आडवं पडलंय ना? तो मी.

मी स्टिरिओस्कोप. नावाला घाबरू नका, ते इथे, बंगळुराजवळच्या येलहंक्यात, अजून कोणालाही धड म्हणता आलेलं नाही. काम मात्र माझं साधं आहे. एकाच देखाव्याचे दोन फोटो शेजारीशेजारी चिकटवलेला पुठ्ठा माझ्यापुढे उभा करायचा आणि माझ्या भिंगांना डोळे लावायचे. डाव्या डोळ्याला डावा फोटो दिसतो, उजव्याला उजवा. मधे पातळ फळी आहे, त्यामुळे एक डोळा दुसऱ्याच्या ताटात डोकावत नाही. मग बघणाऱ्याच्या डोक्यात ते दोन्ही फोटो एकमेकांवर बसतात आणि सपाट कागदाला खोली येते. झाड पुढे येतं, भिंत मागे सरते, मधल्या हवेत हात घालावासा वाटतो. लोक खरंच हात घालतात. एक वकील माझ्यात बघता बघता हवेतलं फूल तोडायला गेले होते, आणि नंतर आपण माशी हाकलत होतो असं म्हणाले.

माझा जन्म बंगळुरातला. अव्हेन्यू रोडच्या मागच्या गल्लीत श्रीधररावांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे स्टुडिओ, मागे बिऱ्हाड. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. घरात मराठी, दारात कन्नड, आणि राग आला की दोन्ही. विधानसौध बांधून नुकतंच झालं होतं आणि सगळं शहर ते बघायला लोटत होतं, त्या सुमाराची ही गोष्ट.

श्रीधररावांनी तरुणपणी कँटोन्मेंटमधल्या कुठल्याशा साहेबाच्या दिवाणखान्यात माझ्यासारखं यंत्र पाहिलं होतं. साहेब गेला, यंत्रही गेलं, पण श्रीधररावांच्या डोक्यातून ते काही जाईना. शेवटी त्यांनी स्वतःच मला बनवलं. फळ्या एका फुटक्या हार्मोनियमच्या. भिंगं जुन्या बाजारातली. आणि धरायचा दांडा म्हणजे अर्धं लाटणं. ते अर्धं करण्याआधी त्यांनी पत्नीला विचारलं नव्हतं. त्यामुळे मी पहिला श्वास घेतला तोच सुशीलाबाईंच्या ओरडण्यात.

"अहो, स्वयंपाकघरात दुसरं काही मिळालं नाही तुम्हाला?"

"मुठीला अगदी बरोबर बसतं ते," श्रीधरराव म्हणाले.

"माझ्याही मुठीला बसत होतं!"

श्रीधररावांकडे कॅमेरा एकच. म्हणून ते एक फोटो काढत, मग कॅमेरा दोन डोळ्यांमधल्या अंतराइतका उजवीकडे सरकवत आणि दुसरा काढत. या दोन फोटोंच्या मधे जगाने हलायचं नाही, एवढीच त्यांची अट. जग ऐकत नसे. त्यांनी जटक्याचा, म्हणजे टांग्याचा, फोटो काढला तर घोड्याला दोन शेपट्या आल्या. चिक्कपेटेतल्या फुलवालीचा काढला तर तिचं डोकं एका जागी आणि टोपली हवेत. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या कामाला दोनच गोष्टी चालतात: दगडाच्या वस्तू आणि झोपलेली माणसं.

दगडाच्या वस्तूंत बसवनगुडीचा प्रचंड नंदी आला, विधानसौध आलं. दगडाचं नसूनही गप्प उभं राहतं म्हणून लालबागेतलं काचघर आलं. झोपलेल्या माणसांत एकटे गुंडोमामा आले.

गुंडोमामा म्हणजे सुशीलाबाईंचे धाकटे भाऊ. लग्नं जुळवणं हा त्यांचा छंद आणि बहिणीकडे जेवणं ही त्यांची सवय. जेवले की स्टुडिओतल्या बाकावर आडवे होत आणि दगडासारखे झोपत. श्रीधररावांच्या दृष्टीने इतका सोयीचा माणूस अख्ख्या बंगळुरात नव्हता. 'गुंडोमामा उताणे', 'गुंडोमामा कुशीवर', 'गुंडोमामा, तोंड उघडं' अशी माझ्याकडे पुठ्ठ्यांची चळतच होती. त्यांचं पोट माझ्यात असं काही वर येई की बघणारा मान मागे घेई.

हे पुठ्ठे चिकटवायचं काम पुष्पावतीचं. श्रीधररावांची ती एकुलती एक मुलगी. फोटो धुणं, वाळवणं, कातरणं, गालांना हलका गुलाबी रंग लावणं, सगळं ती करी. फोटोत कोणाचा डोळा मिटला असेल तर नवा काढून देई. कमी बोलायची, पण तिचं लक्ष असायचं. मला ती जपून हाताळी. तिच्या हातात मी असलो की मला आपण लाटणं आहोत याचा विसर पडे.

तर तिचं लग्न ठरायचं होतं, आणि खरं सांगायचं तर ते माझ्यामुळे अडलं होतं.

झालं असं की मुलगी बघायला कोणी आलं की श्रीधरराव आधी मला पुढे करत. उप्पीट नंतर, केसरीभात नंतर, मुलगीही नंतर. आधी मी. पहिला मुलगा आला त्याने मला डोळ्यांना लावलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मला चक्कर येतेय." श्रीधररावांनी त्याच क्षणी मनातल्या मनात त्याच्यावर फुली मारली. दुसऱ्या स्थळाबरोबर मुलाची आत्या आली होती. श्रीधररावांनी तिला बसवनगुडीचा नंदी दाखवला. नंदी अंगावर आला असं वाटून आत्या किंचाळून मागे सरकली ती थेट मुलावर, आणि मुलाच्या हातातली कॉफी त्याच्याच पांढऱ्या पॅंटवर. जाताना आत्या म्हणाली, "ज्या घरी पाहुण्यांवर बैल सोडतात तिथे आमचा मुलगा नको."

"बैल नाही, नंदी आहे तो," श्रीधरराव दारातून ओरडले, "आणि दगडाचा आहे!"

सुशीलाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. "तुम्हाला जावई हवाय की त्या लाकडाला भक्त?" त्यांनी विचारलं. श्रीधरराव माझी भिंगं पुसत बसले. पण मला ठाऊक होतं, त्यांना दोन्ही एकाच माणसात हवं होतं.

मग गुंडोमामांनी तिसरं स्थळ आणलं. येलहंक्याचं. घरचं कापडाचं दुकान, वडील नाहीत, मुलगा चंद्रकांत एकटाच दुकान बघतो. आई अंबूबाई. "मुलगा शांत आहे, अक्का," गुंडोमामा बहिणीला म्हणाले, "आणि भावजींना सांगून ठेव, या वेळी बैल नको."

श्रीधररावांनी ते मानलं. बैल नको तर काचघर. त्यांनी त्याच सकाळी घाईघाईने लालबागेचे नवे फोटो धुतले. पुष्पावतीला साडी नेसायला आत पिटाळलं होतं, म्हणून वाळत घातलेले फोटो दोरीवरून स्वतःच ओढले आणि पुठ्ठ्यावर स्वतःच चिकटवले. चष्मा शोधायला वेळ नव्हता.

पाहुणे आले. अंबूबाई ताठ बसणाऱ्या. नजर सगळीकडे, पण बोलणं मोजकं. चंद्रकांत सडपातळ, नीट विंचरलेला, सतत थोडा सावध. पुष्पावती कॉफीचा ट्रे घेऊन आली तेव्हा त्याने पेल्याकडे हात नेण्याआधी मान हळूच डावीकडे झुलवली, मग उजवीकडे.

गुंडोमामा बहिणीच्या कानात पुटपुटले, "अक्का, मान हलवली. होकार आला!"

"अजून मुलगी बसलीसुद्धा नाही, गुंडण्णा."

आणि श्रीधररावांनी मला पुढे केलं. सुशीलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

चंद्रकांतने मला हातात धरलं. त्याने मला डोळ्यांना लावलं, आणि त्या क्षणी मला पुठ्ठ्यावर काय आहे ते कळलं. डाव्या बाजूला लालबागेतलं काचघर होतं. उजव्या बाजूला गुंडोमामा झोपलेले होते. कुशीवर.

मी मनातल्या मनात हादरलो. कुठल्याही माणसाला आता काचघराच्या काचांतून आरपार एक पोट दिसलं असतं, छपराच्या कमानीवर एक उशी, आणि फाटकापाशी दोन पावलं. बघणारा हसला असता किंवा ओरडला असता. मी वाट बघत राहिलो.

"फार सुंदर," चंद्रकांत म्हणाला. "काचघर फार सुंदर आलंय. अगदी उठून दिसतंय."

श्रीधररावांचा चेहरा मी काय सांगू! इतक्या वर्षांत परक्या माणसाच्या तोंडून ते शब्द आले नव्हते. ते उठून उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उठले. "सुशीला," ते म्हणाले, "केसरीभात आण. तूप स्वल्प जास्त घाल."

पुष्पावतीने मला आत नेलं, कारण तिला ट्रे ठेवायचा होता आणि मलाही जागेवर ठेवायचं होतं. स्वयंपाकघराच्या दारात तिने सवयीने माझ्यात डोकावलं. तिला तिचा मामा काचघरावर झोपलेला दिसला. तिने पदर तोंडात कोंबला आणि हसू दाबलं. मग ते हसू हळूहळू थांबलं. तिने एक डोळा मिटला. काचघर. दुसरा मिटला. मामा. ती बराच वेळ तशीच उभी होती.

मग ती बाहेर आली आणि म्हणाली, "अण्णा, यांना स्टुडिओ दाखवू का?"

एरवी त्या काळी कोणी परवानगी दिली नसती. पण श्रीधररावांनी त्या घडीला अख्खा स्टुडिओ आंदण दिला असता. ती दोघं शेजारच्या खोलीत आली. दार उघडंच होतं. मी तिच्या हातात.

तिने मला त्याच्यापुढे धरलं. "डावा डोळा मिटून बघा," ती हळू आवाजात म्हणाली.

चंद्रकांतने मला घेतलं नाही.

"लहानपणी विटी लागली," तो म्हणाला. "डोळा वरून धड आहे. आत काही नाही. दुसरा ठणठणीत आहे, डॉक्टरांना दाखवलंय." मग म्हणाला, "आधी दोन ठिकाणी सांगून टाकलं होतं. दोन्हीकडे कॉफी संपायच्या आत लोक उठले. म्हणून आई म्हणाली, या वेळी गप्प राहायचं. तुम्ही सांगणार का बाहेर?"

"मी कशाला सांगू? डोळा तुमचा आहे."

तो दाराकडे वळला.

"तुम्ही सांगितलंत तर माझा होकार आहे," पुष्पावती म्हणाली. "नाही सांगितलंत तर मी नाही म्हणेन. का ते कोणाला सांगणार नाही. मुलाची मान आवडली नाही म्हणेन."

तो एकदम हसला. पहिल्यांदाच. आणि मग त्याला भीती वाटू लागली असावी, कारण बाहेरच्या खोलीत जायला त्याने फार वेळ लावला.

बाहेर केसरीभात वाढून झाला होता. चंद्रकांत उभ्यानेच म्हणाला, "श्रीधरराव, मला उजव्या डोळ्याने दिसत नाही. आधी सांगायला हवं होतं."

गुंडोमामांचा चमचा हवेत राहिला. अंबूबाई ताडकन उठल्या. "कोण म्हणतं दिसत नाही? माझ्या मुलाला एका डोळ्याने जेवढं दिसतं तेवढं लोकांना चार डोळ्यांनी दिसत नाही! दहा वर्षं दुकान चालवतोय, कधी एक वार कापड कमी गेलं नाही. चल रे, चंद्रकांत!" पण त्या दाराकडे गेल्या नाहीत. तिथेच उभ्या राहिल्या आणि पदराच्या टोकाने उगाच हात पुसू लागल्या.

सुशीलाबाई म्हणाल्या, "दुसऱ्या डोळ्याचं पुढे काही व्हायचं नाही ना? तेवढं सांगा. बाकी आमचं काही नाही."

"काही होणार नाही म्हणालेत डॉक्टर," चंद्रकांत म्हणाला.

आता सगळे श्रीधररावांकडे बघू लागले. ते खुर्चीत खिळल्यासारखे बसले होते.

"डोळ्याचं राहू द्या हो," ते शेवटी म्हणाले. "डोळ्याचं काय घेऊन बसलात! पण 'उठून दिसतंय' म्हणालात! उठून दिसतंय म्हणालात तुम्ही!"

आणि ते उठले, डार्करूममध्ये गेले आणि आतून कडी लावली.

अशी पंचाईत मी तरी आजवर पाहिलेली नाही. मुलीला मुलगा पसंत, मुलाला मुलगी पसंत, दोन्ही आया तयार, आणि वधूपिता अंधाऱ्या खोलीत. सुशीलाबाई दारापाशी जाऊन म्हणाल्या, "अहो, माणसं बसलीयेत. उप्पीट गार होतंय."

"मुलीचं लग्न करा," आतून आवाज आला. "थाटात करा. पण मला जावई म्हणून कोणी भेटायला येऊ नका."

गुंडोमामांनी प्रयत्न केला. "भावजी, पुष्पावती म्हणतेय, काचघराशेजारी माझा फोटो तुम्हीच चुकून चिकटवलात."

"गुंडो, तू झोप जा."

शेवटी चंद्रकांत जाऊन डार्करूमच्या दाराशी जमिनीवरच बसला. दाराकडे तोंड करून म्हणाला, "मी खोटं बोललो. पण मला एक विचारायचंय. उठून दिसणं म्हणजे नक्की काय दिसतं? लोक म्हणतात म्हणून मी म्हणालो. मला ते आठवत नाही. दिसत होतं तेव्हा मी फार लहान होतो."

मग कडी वाजली. श्रीधररावांना कोणी फोटोबद्दल प्रश्न विचारला आणि त्यांनी उत्तर दिलं नाही, असं आजवर झालं नव्हतं.

ते बाहेर येऊन त्याच्यासमोर जमिनीवरच बसले. "हे बघा," त्यांनी नाकासमोर एक बोट धरलं. "मी हा डोळा मिटला की बोट इकडे सरकतं. तो मिटला की तिकडे. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. दोन डोळे दोन वेगळ्या जागांवरून बघतात, आणि त्या दोघांच्या भांडणातून जवळ-लांब कळतं. एकाच डोळ्याला भांडायला कोणी नाही. म्हणून सगळं कागदासारखं."

"पण मला तर जवळ-लांब कळतं," चंद्रकांत म्हणाला. "दिवसभर दुकानात कापड मोजतो. सुईत दोरा ओवतो."

"ते कसं?"

चंद्रकांत जरा लाजला. "डोकं हलवतो. असं. डावीकडे, उजवीकडे. मग जवळचं सरकतं आणि लांबचं मागे राहतं. त्याचा घोटाळाही होतो. मी कापडाचा अंदाज घेत असतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, आपण सांगितलेल्या किमतीला मालकांनी मान डोलावली. 'सरी, सरी', म्हणजे ठीक, ठीक म्हणून पैसे ठेवून निघून जातात."

"म्हणजे मघाशी कॉफीच्या वेळी..." गुंडोमामा म्हणाले.

"पेला किती लांब आहे ते बघत होतो."

गुंडोमामा खाली बसले.

पण पुष्पावती कामाला लागली होती. तिने दोरीवरून काचघराचे दोन फोटो ओढले, दुसऱ्या प्रतीची खरी जोडी, डावा आणि उजवा. एकावर एक ठेवले, मागच्या खांबावर खांब येईल असे जुळवले, आणि वरची कड चिमटीत धरली. मग ती चंद्रकांतच्या डाव्या डोळ्यासमोर बसली आणि अंगठ्याने वरचा फोटो उचलायला आणि सोडायला लागली. डावा, उजवा, डावा, उजवा.

"दोन डोळे दोन जागांवरून बघतात," ती वडिलांना म्हणाली. "हे एकाच डोळ्याने दोन जागांवरून बघतात. पाळीपाळीने. मग आपणही फोटो पाळीपाळीने दाखवू."

"काही नाही," चंद्रकांत म्हणाला. "नुसतं हलतंय."

"थांबा." तिने फोटो पुन्हा जुळवले आणि वेग वाढवला. पटपटपटपट. पत्ते पिसावेत तसा आवाज.

चंद्रकांतचं तोंड हळूच उघडलं. तो मागे झाला. मग पुढे झाला.

"पुढचा माड," तो म्हणाला. "तो... तो अलीकडे आला. काचघर पलीकडे आहे. मधे जागा आहे." त्याने हात पुढे केला आणि मधल्या त्या जागेत ठेवला, आणि पुष्पावतीच्या मनगटाला तो लागला. तो झटकन मागे घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही.

श्रीधरराव उकिडवे बसून त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. "मधली जागा दिसतेय?" ते म्हणाले. "कितीशी?"

"माणूस आरामात चालत जाईल एवढी."

"बरोबर," श्रीधरराव म्हणाले. "तिथे वाटच आहे. मी त्या वाटेवरच उभा होतो आधी." आणि त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले.

सगळे आनंदात होते, आणि मी? मी स्टुलावर एका कुशीवर पडलो होतो. या घरात माझ्यासाठी लाटणं मोडलं, दोन स्थळं मोडली, एका आत्याने बंगळुरात पाय ठेवणं सोडलं. आणि जगातला सर्वांत चांगला देखावा बघितला गेला तो माझ्याशिवाय, दोन ओल्या कागदांनी आणि एका अंगठ्याने! मला राग आला होता हे मी लपवत नाही. पुढच्या महिन्यात श्रीधररावांनी त्यासाठी एक पेटीच बनवली. दांडी फिरवली की आत दोन फोटो पाळीपाळीने वर येत. माझी धाकटी बहीण म्हणा हवं तर. ती करकर वाजते. मी कधी वाजलो नाही.

लग्न बसवनगुडीतल्या एका कार्यालयात झालं. श्रीधररावांनी वधूवरांचा माझ्यासाठी फोटो काढला. सगळ्यांना श्वास रोखून उभं केलं होतं. गुंडोमामा तर डोळे मिटूनच उभे राहिले, आणि ते खरोखर झोपले होते. फक्त चंद्रकांतने दोन फोटोंच्या मधे कॅमेरा किती लांब आहे ते बघायला मान हलवली. त्यामुळे माझ्यात बघितलं की नवरदेवाला दोन नाकं दिसतात. अंबूबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी माझ्या मुलाचं नाक केलं दोन!"

पुष्पावतीबरोबर मीही येलहंक्याला आलो. आणि इथे अंबूबाईंनी माझ्याशी अबोला धरला. त्या मला 'चहाडखोर' म्हणत. माझ्याशेजारून जाताना पदर आवरून घेत. दुकानात बघायला येणारे पुष्कळ होते. कापड घेता घेता लोक माझ्यात डोकावत, विधानसौधाच्या पायऱ्या चढत. मुलं झाली, ती माझ्यावर खेळली. मग एकदा श्रीधररावांनी नातवंडांसाठी कँटोन्मेंटमधून प्लॅस्टिकचं रंगीत यंत्र आणलं. त्यात चित्रांची गोल चकती असते, खटका दाबला की पुढचं चित्र. रंग असे की डोळे दिपावेत. मी कपाटावर गेलो तो तेव्हा. माझ्या उजव्या भिंगाला बुरशीचा ठिपका आलाय. त्याबद्दल मी तक्रार करत नाही, या हवेत होतं तसं.

पण गेल्या आठवड्यातलं एक सांगतो आणि तुम्हाला कापड बघायला मोकळं करतो.

दुपारची वेळ होती. चंद्रकांत जेवायला आत गेला होता, पुष्पावती मुलांच्या शाळेत. दुकानात अंबूबाई एकट्याच. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात मला लागला. त्यांनी पदराने माझी धूळ पुसली. डब्यातले पुठ्ठे चाळले आणि काचघराचा लावला.

मला डोळ्यांना लावल्यावर त्या एकदम "अय्यो" म्हणाल्या. इतकंच. बराच वेळ बघत राहिल्या. वय झालंय त्यांचं, पण दोन्ही डोळे शाबूत आहेत.

मग त्यांनी उजवा तळहात उचलला आणि माझ्या उजव्या भिंगावर झाकण घातलं. काचघर कागदाचं झालं. हात काढला. खोली आली. पुन्हा हात ठेवला. या वेळी त्यांनी तो काढला नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. माझ्या भिंगाला त्यांच्या तळहाताची ऊब लागत होती आणि त्यांचा डावा डोळा माझ्यातून त्या सपाट काचघराकडे बघत होता.

चंद्रकांत हात पुसत बाहेर आला आणि थबकला. "आई, काय करतेस?"

त्यांनी मला खाली केलं नाही. "तुला हे असं दिसतं होय रे?"

"कसं?"

"असं. सगळं एका पातळीत." मग त्या म्हणाल्या, "मी कधी विचारलंच नाही तुला. लोकांना काय सांगायचं नाही, तेवढंच शिकवत राहिले."

चंद्रकांत तिथेच गादीवर बसला. त्याने आईला सांगायला सुरुवात केली. जिना उतरताना शेवटची पायरी कशी पायाने शोधावी लागते. चेंडू अंगावर येताना नुसता मोठा कसा होत जातो. पुष्पावती उजव्या बाजूने आली की ती आधी बांगड्यांनी कशी कळते. अंबूबाई मला मांडीवर घेऊन ऐकत होत्या. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याने सतरंजी कमी किमतीत मागितली, चंद्रकांतने त्याच्याकडे मान वळवली, आणि ते "सरी" म्हणून पैसे ठेवून सतरंजी उचलून निघून गेलं. दोघंही हसले, आणि कोणी त्याला परत बोलावलं नाही.

संध्याकाळी अंबूबाईंनी मला स्वतःच्या हाताने वर ठेवलं. अलगद.

तर तुम्ही आता आलाच आहात. धोतरजोडी घ्या, खण घ्या, काही घेऊ नका. पण मला खाली काढून मागा. बुरशीच्या ठिपक्याला लालबागेतला ढग समजू नका. आणि बघून झाल्यावर मला आडवा ठेवू नका, रस्त्याकडे तोंड करून उभा ठेवा. समोरून स्टेशनाकडे वाट जाते. माझ्या भिंगांतून ती धूसर दिसते, माणसं ओळखू येत नाहीत, पण त्यांना कोणी श्वास रोखायला सांगत नाही. ती हलतात. ती हलताना बघत मला बसायचंय.